जुन्या बुलेटला सेल्फ बसवण्यापूर्वी

बेंबळीसारख्या गावातून आठवडे बाजार करणाऱ्या व्यापाऱ्याला जुनी बुलेट सोडवत नाही. मागे कापडाचे दोन गठ्ठे बांधले तरी गाडी कुरकुरत नाही. पाडोळीचा रस्ता असो की औशाचा, ती आपल्या चालीने जाते. अडचण एकच. पन्नाशी उलटली की किक मारणारा पाय साथ देत नाही. दिवसात सात-आठ ठिकाणी थांबायचे आणि तितक्याच वेळा किक मारायची, हे गुडघ्याला झेपत नाही. मग कोणी म्हणतो, "चाचा, गाडी विकून टाका." कोणी म्हणतो, "सेल्फ बसवून घ्या." दुसऱ्या सल्ल्यात तथ्य आहे. पण त्यात पैसे घालण्यापूर्वी हे काम काय आहे ते समजून घेणे जरुरीचे आहे. कपडा घेताना आपण पन्हा मोजतो, पोत पाहतो. मशिनच्या कामातही तसेच करावे.

आधी रोग ओळखा

बुलेट ३५० ची जुळणी मद्रासला १९५५ मध्ये सुरू झाली. इंजिन एकाच सिलिंडरचे, ३४६ सीसीचे. बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर. एवढा मोठा एकच पिस्टन दाबाच्या टोकापलीकडे नेण्याचे काम आपल्या पायाला करावे लागते. म्हणून जुन्या गाडीला हँडलवर डीकंप्रेसरचा लिव्हर दिलेला असतो. पॉइंटवाल्या गाडीची रीत अशी: चावी लावून किक हळूहळू दाबावी. पाय अडला आणि अँमिटरचा काटा मध्यावर आला की लिव्हर ओढून किक थोडीशी पुढे सरकवावी. मग लिव्हर सोडावा, किक वर येऊ द्यावी आणि एकच पूर्ण किक मारावी. यात जोरापेक्षा जागा साधण्याला महत्त्व आहे.

माझ्या गाडीने एकदा उलटी किक मारली आणि घोटा तीन आठवडे सुजलेला राहिला. मी किकला दोष दिला, पण उस्तादांनी पाहिले तर टायमिंग पुढे सरकलेले होते. ठिणगी वेळेआधी पडली की वर येणारा पिस्टन तेथूनच उलटा फिरतो. सबब सेल्फचा विचार करण्यापूर्वी टायमिंग, अ‍ॅडव्हान्सच्या वजनांच्या स्प्रिंगा, पॉइंटमधील अंतर, प्लग, कार्बोरेटर आणि टॅपेट तपासून घ्यावेत. सुस्थितीतील बुलेट एक-दोन किकमध्ये चालू होते. जी गाडी दहा किक मागते ती सेल्फ बसवल्यावर बॅटरी खाईल, एवढाच फरक.

सेल्फ म्हणजे केवळ बटण नव्हे

मोटारगाडीला विजेचा स्टार्टर प्रथम १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला. तो अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी तयार केला होता. त्यांनी ओळखले की मोटारीला काही सेकंदच काम करायचे आहे, म्हणून लहान मोटारीकडून थोडा वेळ मोठे काम घेता येते. दुचाकीवर बटण दाबण्याची सवय आपल्याकडे कायनेटिक होंडाने लावली. ती कंपनी १९८४ मध्ये आली. बुलेटच्या कारखान्यानेही २००० नंतरच्या दशकात बटणाचे मॉडेल काढले, आणि २०२३ च्या नव्या बुलेट ३५० ला तर किकच ठेवली नाही.

या कामात पाच वस्तू लागतात: मोटार, तिचा वेग कमी करून ताकद वाढवणारे गिअर, एकतर्फी क्लच, ज्याला मिस्त्री लोक स्प्रॅग म्हणतात, जाड तारांसह रिले, आणि मोठी बॅटरी. स्प्रॅगचे काम नाजूक आहे. मोटार फिरते तेव्हा त्यातील पोलादी तुकडे उभे राहून क्रँकला पकडतात. इंजिन चालू होऊन वेगाने फिरू लागले की ते आडवे होऊन पकड सोडतात. इंजिनाने उलटा झटका दिला तर तो सगळा मार या तुकड्यांवर बसतो. किकच्या वेळी जो मार घोट्याला बसत होता, तो आता स्प्रॅगला बसतो. टायमिंग आधी पाहा म्हणून सांगितले ते यासाठी.

बॅटरीचा हिशेब

समजा मोटार १०० अँपिअर ओढते आणि बटण ५ सेकंद दाबले. खर्च झाला ५०० अँपिअर-सेकंद, म्हणजे सुमारे ०.१४ अँपिअर-तास. किकच्या गाडीतील ५ अँपिअर-तासाच्या बॅटरीतही एवढा साठा असतो. मग ती का चालत नाही? कारण साठा असणे वेगळे आणि एकदम देता येणे वेगळे. लहान बॅटरीतून एकदम १०० अँपिअर मागितले की तिचा दाब कोसळतो. बटणाच्या बुलेटला कारखाना १२ व्होल्ट, १४ अँपिअर-तासाची बॅटरी देतो ती याचसाठी.

तारेचेही तसेच. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून १०० अँपिअर नेले तर दर मीटरला सुमारे ०.७ व्होल्ट वाटेतच जातात. १६ चौरस मिलिमीटरच्या तारेत फक्त ०.१ व्होल्ट. अर्थची तार चेसिसला न जोडता सरळ इंजिनाला जोडावी, कारण गंजलेला बोल्टही दाब खातो. सगळे जोडून झाल्यावर मल्टिमीटर बॅटरीला लावून बटण दाबावे. काटा साडेनऊ-दहा व्होल्टच्या खाली गेला तर काम अपुरे आहे असे समजावे. इंजिन चांगल्या वेगात असताना सुमारे १४ व्होल्ट दिसले पाहिजेत.

६ व्होल्टच्या जुन्या गाडीला तेवढ्याच कामासाठी दुप्पट अँपिअर लागतात आणि तारेतील नुकसान चौपट होते. म्हणून आधी पूर्ण गाडी १२ व्होल्टची करावी लागते: ऑल्टरनेटर, रेग्युलेटर, कॉइल, बल्ब, हॉर्न सगळे. हा खर्च पुष्कळ जण हिशेबात धरत नाहीत.

या बाबतीत मोठ्या कंपनीनेही मार खाल्ला आहे. इंग्लंडच्या नॉर्टनने १९७५ च्या कमांडोला बटण दिले, पण मोटार कमजोर निघाली आणि लोकांना जोडीला किक मारावी लागे. पुढे फ्रान्समधील अल्टन कंपनीने कमांडोसाठी वेगळे किट काढले. धडा हा की अर्धी ताकद म्हणजे पूर्ण नुकसान.

कोणता मार्ग?

बुलेटसाठी मार्ग तीन. पहिला, बटणाच्या मॉडेलचे सुटे भाग आणून आपले इंजिन त्यावर बांधणे. यात मोटारीला बैठक असलेला क्रँककेस, प्रायमरीची झाकणे, गिअर आणि स्प्रॅग सगळे बदलते. इंजिन पूर्ण उघडावे लागते. दुसरा, बटणाचे पूर्ण इंजिनच बसवणे. तिसरा, लेथवर पट्टी आणि गिअर बनवून बाहेरून मोटार बसवणे. हा स्वस्त दिसतो, पण गिअरची रेष जरा चुकली की दात झिजतात आणि प्रायमरीतून ऑइल गळते. ज्या कारागिराने आधी असे काम केले आहे आणि ती गाडी वर्षभर चालली आहे, ती डोळ्यांनी पाहिल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

कागद साफ ठेवा

इंजिनाचा नंबर क्रँककेसवर ठोकलेला असतो. क्रँककेस किंवा इंजिन बदलले की आरसी बुकातील नंबर जुळत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. म्हणून काम करण्यापूर्वी धाराशिवच्या आरटीओत लेखी परवानगी मागावी आणि भागांच्या पावत्या जपाव्यात. पंधरा वर्षांवरील गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते. तेव्हा नंबरच आधी पाहतात. बिनपावतीचा क्रँककेस कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये. तो चोरीच्या गाडीचा निघाला तर माल जाईल आणि इज्जतही जाईल.

नफा-नुकसान

मिस्त्रीकडून अंदाज तोंडी न घेता कागदावर घ्यावा: मोटार व गिअर, स्प्रॅग, केस व झाकणे, बॅटरी, तारा व रिले, चार्जिंग, मजुरी, आरटीओ. त्यात गाडी उभी राहील तेवढ्या बाजारांचे नुकसान मिळवावे. बेरीज बटणाच्या एखाद्या चांगल्या जुन्या गाडीच्या किमतीपर्यंत गेली, तर बुलेट घरी जपून बाजारासाठी दुसरी गाडी घेणे शहाणपणाचे. सूद भरून तर हे काम मुळीच करू नये. त्यात बरकत नाही.

आपल्या तरुण कारागिरांनी मात्र हे हुनर शिकून घ्यावे. जुन्या गाड्या सांभाळणारे लोक वाढत्या वयाचे आहेत, आणि चोख काम करणाऱ्याला गिऱ्हाईक शोधत येते. काम करून दिल्यावर काय बदलले ते पावतीवर लिहून द्यावे. अशी गाडी विकतानाही ऐब लपवू नये. सांगून विकणे हाच आपल्या तिजारतीचा दस्तूर आहे.

शेवटची गोष्ट. सेल्फ बसला तरी किक काढून टाकू नये. सकाळी हॉर्नचा आवाज बसलेला वाटला तर बटणाला हात लावू नका. कमजोर बॅटरीवर मोटार पिस्टनला अर्ध्यावर सोडते आणि तेथेच स्प्रॅग तुटतो. त्या दिवशी किक मारा, किंवा घरातल्या तरण्या मुलाला हाक मारा.