बुद्धिबळाचं लाइव्ह: काम फुकटचं, शिस्त धंद्याची

२८ जुलै २०२५ ला नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बाटुमीमध्ये महिला विश्वचषक जिंकली. तिची एकेक खेळी आपण घरबसल्या पाहिली. पण तुमच्या वॉर्डातल्या स्पर्धेत खेळणाऱ्या मुलीचा डाव तिच्या आजीला कोण दाखवणार? तिथे लागतात स्वयंसेवक.

काम काय असतं?

१. इलेक्ट्रॉनिक पट असेल, तर मोहरा हलला की खेळी कॉम्प्युटरवर जाते. तुम्ही फेरीआधी प्रत्येक पटावर नावं बरोबर आहेत का ते तपासायचं.

२. डाव संपला की दोन्ही राजे मधल्या घरांत ठेवायचे. पांढरा जिंकला तर पांढऱ्या घरांवर, काळा जिंकला तर काळ्या, बरोबरी झाली तर एकेक. हे राहिलं, तर मोहरी आवरतानाची हालचालही खेळी म्हणून नोंदली जाऊ शकते.

३. असा पट नसेल, तर स्कोअरशीटवरून खेळी हाताने भरायच्या. फोटो आला की हे मनोरीत दुकान बंद केल्यावरही होतं, मार्वेची बोट पकडायला नको. लाइव्ह नाही, पण डाव टिकतो.

लिचेससारख्या साइटवर प्रक्षेपण फुकट करता येतं. मोठ्या स्पर्धांत फसवणूक टाळायला खेळ्या मुद्दाम काही मिनिटं उशिरा दाखवतात; तो नियम आयोजकांना आधी विचारा.

"मला काय मिळणार?" पैसे नाहीत. पण चुकीचा निकाल गेला, तर जिंकलेली मुलगी नेटवर हरलेली दिसते. बिलावर चुकीचं नाव घालण्यासारखंच ते. दुसऱ्याचं काम स्वतःचं समजून तपासायची सवय लागते, आणि गिऱ्हाईक त्यावरच टिकतं.

जमेल तेवढंच बोला. एकच फेरी घ्या, पण वेळेआधी हजर राहा.