दारावरची वही

भिगवण म्हटले की बाहेरच्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात : मासळी आणि रोहित पक्षी. १९८० साली उजनी धरण पुरे झाले आणि त्याच्या पाण्याने आम्हाला ही दोन्ही दिली. देताना मात्र कितीतरी गावे पोटात घेतली. उन्हाळ्यात पाणी फार उतरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि म्हातारी माणसे काठावर उभी राहून बोट दाखवतात, "तिथं आमचं घर होतं."

या माणसांचे शब्द, त्यांच्या ओव्या, त्यांच्या आठवणी जमवाव्यात असे काही वर्षांपूर्वी माझ्या मनाने घेतले. मी पडलो मराठीचा मास्तर. विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन गावोगाव हिंडलो आणि आवाज ध्वनिमुद्रित केले. त्यातले काही आवाज आता फक्त आमच्याकडेच उरले आहेत. ते ठेवायला एक सर्व्हर भाड्याने घेतला. सर्व्हर म्हणजे इंटरनेटला जोडलेला, रात्रंदिवस जागा असलेला संगणक. त्याच्या दाराला पासवर्डचे कुलूप लावले आणि मी निर्धास्त झोपलो.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे. दिवाळीला गावी आला तेव्हा चहा पिता पिता त्याने विचारले, "सर, लॉग कधी उघडून पाहिलात का?"

"कशाला रे? आपल्या ओव्यांवर कोण डोळा ठेवणार?"

"चोराला ओव्या नकोच आहेत, सर. त्याला संगणक पाहिजे. तुमच्या संगणकावर बसून तो दुसऱ्याच्या घरात शिरेल, अन् नाव तुमचं होईल."

लॉग म्हणजे कचेरीतली आवक-जावक वही. कोण आले, केव्हा आले, कोणत्या पत्त्यावरून आले, आत गेले की परत गेले, हे सारे सर्व्हर ओळीओळीने लिहून ठेवतो. आम्ही ती वही उघडली आणि माझा चहा थंडच झाला. रात्री दोन वाजता कोणी 'रूट' या नावाने आले : पासवर्ड चुकला. दोन सेकंदांनी पुन्हा चुकला. मग 'ॲडमिन', मग 'टेस्ट'. पानामागून पान तेच! ही माणसे नव्हेत, यंत्रे होती. रस्त्याने जाता जाता प्रत्येक घराची कडी हलवून पाहावी, तशी ती जगातला एकेक पत्ता चाचपत जातात.

यावरचा एक उपाय २००४ साली सिरिल जाकिए या गृहस्थांनी लिहिला. 'फेलटूबॅन' असे त्या प्रोग्रॅमचे नाव. तो वहीपाशी बसून प्रत्येक नवी ओळ वाचतो. एकाच पत्त्यावरून दहा मिनिटांत पाच वेळा पासवर्ड चुकला, की त्या पत्त्याला दहा मिनिटे दार बंद. हे आकडे त्याचे स्वतःचे. आपल्याला हवे तर बदलता येतात.

पण कोणती ओळ चुकीची हे त्याला कळते कसे? इथे मला माझाच विषय भेटला. भुजंगप्रयात ओळखताना आपण ओळीचा अर्थ पाहत नाही; लघु, गुरू, गुरू असा 'य' गण चार वेळा आला की झाले. शब्द कोणतेही असोत, साचा जुळला पाहिजे. हा प्रोग्रॅमही ओळीचा साचाच पाहतो : आधी वेळ, मग 'पासवर्ड चुकला' एवढे ठरलेले शब्द, मग कोणतेही नाव आणि शेवटी पत्ता. अशा साच्यांचे गणित स्टीफन क्लीनी या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाने १९५१ साली मांडले आणि केन टॉम्प्सन यांनी १९६० नंतरच्या दशकात ते संगणकावर मजकूर शोधण्याच्या कामी लावले. वृत्तांचा तास घेणाऱ्या मास्तराला ते परके वाटेना.

तेव्हा मी मोठ्या उत्साहाने पहारेकरी नेमला. मास्तरकी अंगात मुरलेली, त्यामुळे शिस्तही कडक : तीन चुका, की आठवडाभर दार बंद. ध्वनिमुद्रणे ऐकायला येणाऱ्यांसाठी निराळे दार होते. तिथेही हाच नियम लावला. दुसऱ्या दिवशी बंदी झालेल्या पत्त्यांची लांबलचक यादी पाहून मला परीक्षेत कॉपी पकडल्याचा आनंद झाला!

तो आनंद महिनाभर टिकला. मग एके दिवशी दुपारी एका विद्यार्थिनीचा फोन आला. "सर, आज आजीचं तेरावं. पाहुणे जमलेत. आजीच्या ओव्या सगळ्यांना ऐकवायच्या होत्या, पण पानच उघडत नाही. भावाच्या फोनवरनंसुद्धा नाही."

काय घडले ते मी ओळखले. त्या गडबडीत पोरीचा पासवर्ड तीनदा चुकला होता. घरातले सारे फोन एकाच वाय-फायवर, म्हणजे बाहेरच्या जगाला त्यांचा पत्ता एकच. वाड्यात दहा बिऱ्हाडे असली तरी पोस्टाचा पत्ता जसा एक असतो, तसेच हे. एका बिऱ्हाडाची चूक झाली आणि मी वाड्यालाच टाळे ठोकले! वाय-फाय सोडून मोबाइलच्या इंटरनेटवरून बघ, एवढे जरी मला सुचते तरी भागले असते. पण सुचले नाही. मी त्या वेळी बाहेरगावी होतो आणि दुरुस्तीची साधने घरी. रात्री परतून बंदी उठवली, तोवर पाहुणे आपापल्या गावी गेले होते. ती मला काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

त्या रात्री मी नियम पुन्हा लिहायला बसलो. ऐकणाऱ्यांच्या दारावर दहा चुकांची मुभा ठेवली आणि बंदी फक्त दहा मिनिटांची. तोच पत्ता पुन्हा पुन्हा सापडला तरच मुदत वाढत जाते. आमच्या, म्हणजे सांभाळणाऱ्यांच्या, दारावरून पासवर्ड काढूनच टाकला. तिथे आता संगणकी किल्लीची जोडी लागते. ती अंदाजाने ओळखता येत नाही.

साच्याचीही परीक्षा घेतली, कारण ढिला साचा चोराच्याच कामी येतो. २००७ साली डॅनियल सिड यांनी हे दाखवून दिले होते. चोर नावाच्या जागी मुद्दाम दुसऱ्याच कोणाचा तरी पत्ता लिहितो. ढिला साचा तोच खरा मानतो आणि निरपराध माणूस बाहेर राहतो. म्हणून साचा ओळीच्या आरंभापासून शेवटापर्यंत बांधून घ्यावा, आणि अमलात आणण्यापूर्वी जुन्या वहीवर चालवून पाहावा.

एवढे करूनही हा पहारेकरी सर्वज्ञ नव्हे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून अधिक रुपये गेले, तेव्हा चोर दार ठोठावत बसले नव्हते. घातक प्रोग्रॅम घुसवून त्यांनी बनावट मंजुऱ्या मिळवल्या होत्या. वहीवरचा पहारेकरी पकडतो तो पुन्हा पुन्हा चुकणाऱ्याला. आणि पुन्हा पुन्हा चुकतात ती दोघे : चोर, आणि घाबरलेले घरचे माणूस. वहीतली त्यांची ओळ अगदी सारखी दिसते. फरक यंत्राला कळत नाही. तो नियम लिहिणाऱ्याने आधीच मनात धरावा लागतो.

वर्षश्राद्धाला त्या घरून मला बोलावणे आले. जेवणापूर्वी पोरीने फोन काढला. पहिल्यांदा पासवर्ड चुकला. तिने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "कर सावकाश." दुसऱ्यांदा दार उघडले, आणि आजी गाऊ लागली.