ब्रेकच्या तेलाची गळती

मुंबई-आग्रा रस्त्यावर वसलेल्या भिवंडींत मोटार ही कोणासहि नवलाची वस्तु राहिलेली नाहीं. मागांच्या सुतापासून गोदामांतील पेट्यांपर्यंत सर्व कांहीं येथें चाकांवरूनच येतें व जातें. परंतु हीं चाकें थांबतात कशीं, असें विचारल्यास पुष्कळांचें उत्तर ‘ब्रेक दाबल्यानें’ एवढ्यावरच संपतें.

मोठ्या मालमोटारींचे ब्रेक बहुधा दाबलेल्या हवेवर चालतात. घरच्या मोटारींत व लहान टेंपोंत तेंच काम द्रव करतो. फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल (१६२३–१६६२) यानें दाखवून दिलें कीं, बंदिस्त द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब त्यांत सर्वत्र सारखाच पसरतो. समजा, पायाचा जोर पेडलच्या तरफेनें वाढून मास्टर सिलिंडरमधील ४ चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर १०० किलो पडला. मग द्रवांत दर चौरस सेंटिमीटरला २५ किलो दाब उत्पन्न होईल, आणि चाकाजवळील दट्ट्या २० चौरस सेंटिमीटरचा असल्यास तो ५०० किलोंच्या जोरानें ब्रेक आवळील. हें गणित द्रव बंदिस्त आहे तोंवरच खरें. तो गळून नळ्यांत हवा शिरली कीं पायाचा सारा जोर हवा दाबण्यांतच खर्च होतो.

माझ्या एका शेजाऱ्यांच्या जुन्या मोटारींतील हा द्रव एका पावसाळ्यांत वरचेवर कमी होई. ते बाटली आणून भर घालीत व निश्चिंत होत. नाशिकहून परततांना कसारा घाटाच्या उतारावर पेडल थेट तळाला गेलें. खालचा गिअर घालून व हातब्रेक ओढून त्यांनीं गाडी कशीबशी डोंगराच्या कडेला लावली. मागें दोन लेंकरें बसलीं होतीं. हल्लींच्या मोटारींत दोन स्वतंत्र मार्ग असल्यानें एक फुटला तरी दुसरा थोडेंबहुत काम देतो; परंतु द्रव कोठें गेला हें न पाहतां भर घालणें तेथेंहि तितकेंच चुकीचें.

ब्रेकचीं अस्तरें झिजलीं कीं टाकींतील पातळी थोडी उतरते, पण ती अगदीं सावकाश. भराभर उतरल्यास गळतीच समजावी. बाजारांत यास ब्रेक ऑइल म्हणतात. तथापि नेहमींचें ब्रेक ऑइल हें खनिज तेल नव्हे. मोटारीखालीं सांपडलेला थेंब पाण्यांत टाकून पाहावा. इंजिनचें तेल तरंगून रंगीत तवंग धरतें. ब्रेक ऑइल मिसळून नाहींसें होतें. (हा द्रव विषारी आहे; प्रयोग वडील माणसांसमक्षच करावा व तें भांडें पुन्हा स्वयंपाकघरांत आणूं नये.) याच गुणामुळें पावसाळ्यांत गळती लपते, कारण चाकावरची ओल रस्त्याच्या पाण्यानें धुऊन जाते. शेजाऱ्यांची फसगत अशीच झाली.

मिस्त्रीनें पाहिलें तेव्हां मागच्या एका चाकाचा सिलिंडर गळत होता. चाकाच्या आंतल्या अंगास ओल दिसणें, गाडी एका बाजूस ओढणें हीं त्याचीं लक्षणें. लोखंडी नळी गंजते, रबरी नळीस भेगा पडतात. पेडल दाबून धरलें असतां हळूहळू खचत जातें, पण टाकींतील पातळी ढळत नाहीं, तर मास्टर सिलिंडरचें रबर आंतल्या आंत निकामी झालेलें असतें. पातळी उतरते आणि बाहेर कोठेंच ओल नाहीं, तर द्रव बूस्टरमध्यें सांचत आहे काय, तें पाहावें.

क्लचहि पुष्कळ मोटारींत द्रवावरच चालतो, कित्येकदां त्याच टाकींतून. गिअर घालतांना खरखर होते, पेडल वर येत नाहीं. पायांजवळची चटई भिजली असेल तर दोष पेडलकडील सिलिंडरचा. गिअरबॉक्सखालीं थेंब असतील तर दुसऱ्या टोकाचा. कांहीं मोटारींत हा दुसरा सिलिंडर गिअरबॉक्सच्या आवरणांत असतो. मग गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, व मजुरी भागाच्या किंमतीहून अधिक होते.

दुरुस्ती जाणत्या मिस्त्रीकडूनच करवावी. पण काय मागावें हें मालकास ठाऊक असावें. सिलिंडर आंतून खरवडला असल्यास नुसतें रबर बदलून भागत नाहीं. द्रवानें भिजलेलें अस्तर पुसून वापरूं नये. दोन्ही बाजूंचीं नवीं घालावीं. गंजलेल्या नळीस डाग न देतां नळीच बदलावी. उघडा राहिलेला डबा वापरूं नये, कारण हा द्रव हवेंतील ओल शोषतो आणि मग उतारावर ब्रेक तापले कीं लवकर उकळूं लागतो. शेवटीं हवा काढणें: एकानें पेडल दाबून धरावें, दुसऱ्यानें चाकाजवळील निपल सैल करून बुडबुडे जाऊं द्यावे, व पाय उचलण्यापूर्वींच तें घट्ट करावें. टाकी मध्येंच रिकामी होऊं देऊं नये, नाहीं तर पुन्हा आरंभापासून. बुडबुडे थांबल्यावर इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर जोरानें दाबून धरावें, आणि मग दिवा घेऊन प्रत्येक सांधा कोरडा आहे कीं नाहीं, तें पाहावें.