अर्ध्या भरलेल्या पिशवीची परीक्षा

घटस्थापनेच्या आधी कोल्हापुरात घरोघरी अंथरुणे-पांघरुणे धुवायला निघतात, गाद्या गच्चीवर चढतात, माळ्यावरची भांडी खाली येतात. घर झाडून काढण्याच्या याच दिवसांत ‘एकदाचा व्हॅक्यूम क्लीनर घेऊन टाकू’ हा विचार बळावतो. दुकानात मात्र निर्णय एका आकड्यावर होतो. खोक्यावर मोठ्या अक्षरांत १४०० किंवा १६०० वॅट छापलेले असते, शेजारी वीस-बावीस किलोपास्कल, आणि आकडा मोठा ते यंत्र चांगले असे धरून पैसे मोजले जातात. दोन्ही आकडे खरे असू शकतात. पण पाचव्या दसऱ्यालाही ते यंत्र पहिल्या दिवसासारखी धूळ ओढेल का, या प्रश्नाशी त्यांचा फारसा संबंध नाही. व्हॅक्यूम क्लीनर विश्वासाचा आहे की नाही, हे माझ्या मते दोन गोष्टींवर ठरते: हवेची वाट किती काळ मोकळी राहते, आणि त्या वाटेवरचे झिजणारे भाग आपल्या गावात किती सहज बदलून मिळतात.

वॅट हा विजेच्या खपाचा आकडा आहे. १४०० वॅटचे यंत्र तासाला जवळपास दीड युनिट वीज घेते, एवढेच त्यातून नक्की कळते. त्यातला निम्म्याहून जास्त भाग उष्णतेत आणि आवाजात जातो. आतला पंखा मिनिटाला वीस-तीस हजार फेऱ्यांनी फिरून हवेचा दाब कमी करतो. बाहेरच्या वातावरणाचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल, आतला त्याहून कमी. म्हणून बाहेरची हवा नळीतून आत धावते आणि वाटेतली धूळ सोबत नेते. किलोपास्कलचा तो ठळक आकडा मोजतात नळीचे तोंड पूर्ण बंद करून. त्या क्षणी दाबातला फरक सर्वाधिक असतो आणि हवेचा प्रवाह शून्य, म्हणजे धुळीचा कण जागचा हलत नाही. उलट नळी मोकळी सोडली तर प्रवाह भरपूर, पण गादीच्या विणीतला कण उपसून काढायला लागणारा दाब जवळजवळ नाहीसा होतो. उपयोगाचे काम या दोहोंच्या गुणाकारातून होते. दाबातला फरक १० किलोपास्कल आणि सेकंदाला २० लिटर हवा, तर ओढण्याची शक्ती २०० वॅट. याला एअरवॅट म्हणतात, आणि हा आकडा खोक्यावर क्वचितच सापडतो.

युरोपीय संघाने हा गुंता कायद्याने सोडवायचा प्रयत्न केला, आणि त्यातून आपल्याही कामाचा पुरावा हाती आला. सप्टेंबर २०१४ पासून तिथे १६०० वॅट किंवा त्याहून जास्त वीज घेणारे घरगुती व्हॅक्यूम क्लीनर बाजारात आणता येईनासे झाले. सप्टेंबर २०१७ पासून ही मर्यादा ९०० वॅटवर आली. किमान किती धूळ उचलली गेली पाहिजे हेही त्याच नियमांत होते, त्यामुळे उत्पादकांना मोटार मोठी करण्याचा सोपा मार्ग सोडून तोंडाची ठेवण, नळीचा मार्ग आणि पंखा सुधारावा लागला. तिकडची गालिच्यांची घरे ९०० वॅटच्या आत स्वच्छ होतात. मग शहाबादी, कडप्पा आणि टाइल्सच्या आपल्या घरांना सोळाशे वॅट लागतात, हे कशाच्या आधारावर म्हणायचे? याच नियमांतल्या आणखी दोन अटी टिकाऊपणाबद्दल होत्या: नळी ४०,००० वेळा वाकवल्यावरही वापरण्याजोगी राहावी आणि मोटार किमान ५०० तास चालावी. आठवड्याला एक तास वापर धरला तर ५०० तास म्हणजे साडेनऊ वर्षे. मोटार नीट थंड राहिली तर ती लवकर दगा देणारा भाग नव्हे, असे हा हिशेब सांगतो.

पण ती थंड राहते का, हाच कळीचा मुद्दा आहे. युरोपातल्या नियमांबरोबर श्रेणी दाखवणारे लेबलही आले होते. त्याला डायसन कंपनीने न्यायालयात आव्हान दिले. लेबलासाठीची चाचणी रिकाम्या पिशवीने होते, घरातले यंत्र मात्र धूळ भरलेल्या अवस्थेत चालते, असा तिचा आक्षेप होता. पिशवीविना चालणारी यंत्रे विकणाऱ्या कंपनीचा त्यात स्वार्थ होता हे उघड आहे. तरी आक्षेप शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये युरोपीय संघाच्या सर्वसाधारण न्यायालयाने तो मान्य केला आणि जानेवारी २०१९ मध्ये लेबल गेले. विजेची मर्यादा मात्र कायम राहिली. दुकानातले किंवा घरी येऊन दाखवलेले प्रात्यक्षिकही असेच रिकाम्या पिशवीने होते. पिशवीची किंवा फिल्टरची छिद्रे धुळीने बुजू लागली की प्रवाह घटतो. बहुतेक कोरड्या यंत्रांत आत ओढलेली हीच हवा गाळून मोटारीवरून जाते आणि तिला थंड ठेवते. प्रवाह घटला की मोटारीला काम कमी पडते, ती आणखी वेगाने फिरते, आवाज चिरका होतो आणि तापमान चढते. आतला उष्णतेचा कटआउट यंत्र बंद करतो. घरातले म्हणतात, मोटार गेली. प्रत्यक्षात वाट बंद झालेली असते. असे वारंवार झाले तर मात्र वायंडिंगवरचे व्हार्निश खरोखर जळते आणि मोटारीतले कार्बन ब्रश लवकर झिजतात. भिंत घासल्यावरची पुट्टी, सिमेंट, चुलीची राख यांचे कण इतके बारीक असतात की काही मिनिटांत फिल्टर बुजतो. घरगुती यंत्र त्यांच्या जवळही नेऊ नये.

फिल्टर जितका बारीक तितका तो लवकर बुजणार, ही ओढाताण टाळता येत नाही. ती सांभाळावी लागते. हेपा फिल्टरचा उगम १९४० च्या दशकातला, अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पातला. किरणोत्सारी कण अडवण्यासाठी तो विकसित झाला. त्याची प्रचलित कसोटी म्हणजे ०.३ मायक्रॉनचे किमान ९९.९७ टक्के कण अडवणे. हा आकार मुद्दाम निवडलेला आहे. मोठे कण हवेबरोबर वळण घेऊ शकत नाहीत आणि तंतूंवर आदळतात. अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी इकडेतिकडे भरकटून तंतूंना चिकटतात. मधल्या, ०.३ मायक्रॉनच्या आसपासच्या कणांना दोन्ही सापळे चुकवता येतात, म्हणून परीक्षा त्यांचीच. पण फिल्टर उत्तम आणि त्याच्या कडेचे रबर सैल, तर उपयोग नाही. गाळणी कपावर नीट बसली नाही की चहाची पत्ती कडेने खाली उतरते, तसेच. त्यामुळे नुसता ‘हेपा’ हा शब्द वाचून समाधान मानू नये. झाकण दाबून बंद करून पाहावे, रबर सलग आहे का ते बोट फिरवून बघावे.

घरातल्या धुळीतले सूक्ष्म किडे आणि दमा यांचा संबंध नेदरलँड्समधल्या फोरहोर्स्ट आणि स्पिक्स्मा यांनी १९६४ मध्ये दाखवला. त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांनी, आणि तिचे कण दहा ते चाळीस मायक्रॉनचे, म्हणजे बरेच मोठे असतात. ते चांगल्या पिशवीतही अडतात. हे किडे पाणी पीत नाहीत, हवेतली आर्द्रता शोषतात. सापेक्ष आर्द्रता बराच काळ ५० टक्क्यांखाली राहिली तर सुकून मरतात. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तशी वेळ येतच नाही. जिवंत किडे धाग्यांना घट्ट धरून बसतात, त्यामुळे ओढून सगळे निघत नाहीत. दसऱ्याआधी गाद्यांना कडक ऊन देण्याची पद्धत म्हणूनच यंत्राला पर्याय नाही आणि यंत्र तिला पर्याय नाही. याच आर्द्रतेचा फटका फिल्टरलाही बसतो. धुता येणारा स्पंज पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नये, आणि जुलैत तो दोन-दोन दिवस वाळत नाही. ओला फिल्टर बुरशी धरतो. कोल्हापुरात यंत्राबरोबर दुसरा फिल्टर घेणे हा खर्च टाळण्याजोगा नाही.

पिशवीवर आक्षेप ठरलेला असतो: दर वेळी पैसे, आणि त्या मिळणार कुठे? आक्षेप रास्त आहे. पण पिशवीविना यंत्रात हवा भोवऱ्यासारखी फिरवून जड कण वेगळे करतात. बारीक कण त्यातून निसटतात आणि साध्या, एकाच भोवऱ्याच्या यंत्रात सगळा भार फिल्टरवर येतो. डबा रिकामा करताना धूळ पुन्हा घरभर उडते. घरात दमेकरी असेल तर पिशवीचा खर्च औषधाच्या बाजूला धरावा. धुण्याजोगी कापडी पिशवी स्वस्त पडते, पण बारीक धूळ तिच्यातून पार होते. पिशव्या गावात मिळत नसतील, तर ते यंत्र कितीही नावाजलेले असो, कोल्हापूरसाठी विश्वासाचे नाही.

‘दोन वर्षांची वॉरंटी आहे, मग काळजी कशाला?’ हा दुसरा आक्षेप. यंत्रांच्या बिघाडाचा आलेख सुरुवातीला उंच, मध्ये सपाट आणि शेवटी पुन्हा उंच असतो. वॉरंटी सुरुवातीचे, कारखान्यातले दोष पकडते; झिजेचा चढ ती संपल्यावर सुरू होतो, आणि झिजणारे भाग बहुधा तिच्यातून आधीच वगळलेले असतात. ग्राहकांचे तारांकित अभिप्रायही बहुतांशी खरेदीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतले असतात. फ्रान्सने २०२१ मध्ये दुरुस्तीयोग्यतेचा दहापैकी गुणांक सुरू केला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये व्हॅक्यूम क्लीनर त्यात आणले. माहितीपत्रके, खोलण्याची सोय, सुटे भाग मिळणे आणि त्यांची किंमत यांवर त्यात गुण मिळतात. भारत सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ हे संकेतस्थळ सुरू केले. कोल्हापूर या बाबतीत भाग्यवान आहे. शिवाजी उद्यमनगरात मोटार रिवाइंड करणारे, बेअरिंग बदलणारे, कार्बन बसवणारे कसबी हात आहेत. पण स्क्रूऐवजी चिकटवून बंद केलेले प्लॅस्टिक आणि एकाच मॉडेलला बसणारी नळीची कडी कुठलाही कारागीर उभी करू शकत नाही. म्हणून दुकानदाराला यंत्राची किंमत विचारण्याआधी नळी, तोंड, फिल्टर आणि कार्बन यांची किंमत विचारावी. उत्तर ‘मागवून देऊ’ असे आले, तर पुढचे मॉडेल बघावे.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर शाहूपुरीसारख्या भागांत ओले-कोरडे दोन्ही ओढणाऱ्या यंत्राचा विचार होणे स्वाभाविक आहे. त्यात मोटारीला थंड करणारी हवा वेगळ्या वाटेने येते, त्यामुळे ओल आत जात नाही. हा खरा फायदा आहे. कोरड्या यंत्राने पाणी ओढणे मात्र जीवावर बेतू शकते.

बिनवायरी यंत्रांचे काय? ती हलकी असतात, हाताशी असतात, म्हणून जास्त वापरली जातात, आणि वापरले जाणारे यंत्रच घर स्वच्छ ठेवते. हा युक्तिवाद मला पटतो. त्यांच्या मोटारींत बहुधा कार्बनच नसतात, त्यामुळे तो झिजण्याचा प्रश्न मिटतो. झीज जाते बॅटरीकडे. लिथियम-आयन बॅटरी सुमारे तीनशे ते पाचशे पूर्ण चार्जिंगनंतर बरीच क्षमता गमावते, आणि उष्णतेत हे लवकर होते. रोज पूर्ण वापरली तर ती वर्ष-दीड वर्षात थकते, आठवड्यातून दोनदा वापरली तर तीन-चार वर्षे जाते. बॅटरी हाताने निघत असेल आणि नवी गावात मिळत असेल तरच ते यंत्र घ्यावे.

शेवटचा आक्षेप सर्वांत जुना: केरसुणी आणि ओले फडके असताना हे कशाला? फरशीपुरते ते खरेच आहे. केरसुणी बारीक धूळ हवेत उडवते, पण पाठोपाठचे ओले फडके खाली बसलेली धूळ धरून ठेवते. कोल्हापूर देशाच्या स्वच्छ हवा कार्यक्रमात मानके न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत आहे. फरशी इथे रोज पुसावीच लागणार. यंत्राचे काम फडके पोहोचत नाही तिथे आहे: गादी, सोफा, पडदे, पुस्तकांचे कप्पे, खिडकीच्या खाचा. तिथे फरशीचे रुंद तोंड निकामी ठरते आणि सगळा ताण लहान तोंडांवर, नळीवर आणि तिच्या दोन टोकांच्या जोडांवर येतो. दुकानात यंत्र चालू करून पाहण्याआधी ती नळी हातात घेऊन जोडांपाशी वाकवून, पिळून बघावी.