सुईआधीचा फवारा

झाडावरून पडून कोपराशी हात मोडलेलं सात-आठ वर्षांचं मूल आपत्कालीन कक्षात येतं, तेव्हा त्याला हाताच्या दुखण्याइतकीच सुईचीही धास्ती असते. तीव्र कळ थांबवायला मॉर्फीन हवं, मॉर्फीनसाठी शीर सापडायला हवी आणि त्यासाठी रडणाऱ्या मुलाला दोघा-तिघांनी धरून ठेवायचं. औषध लांबत जातं ते इथेच.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये मेरेडिथ बोरलँड आणि सहकाऱ्यांनी नाकाचा मार्ग तपासून पाहिला. हाताची किंवा पायाची लांब हाडं मोडलेल्या 7 ते 15 वर्षांच्या 67 मुलांवरची ही चाचणी 2007 मध्ये प्रसिद्ध झाली. काहींना शिरेतून मॉर्फीन, बाकीच्यांना नाकातून फेंटानिल या वेदनाशामकाचा फवारा. अर्ध्या तासात दोन्ही गटांची वेदना जवळपास सारखीच उतरली! नाकाचं अस्तर पातळ, रक्तवाहिन्यांनी भरलेलं असतं आणि फेंटानिल मेदात सहज विरघळतं. म्हणून ते यकृताचा फेरा न घेता रक्तात पोहोचतं. मात्रा किलोमागे साधारण दीड मायक्रोग्रॅम, दोन्ही नाकपुड्यांत विभागून. श्वास मंदावण्याचा धोका असल्यामुळे हे काम प्रशिक्षित हातांचं, देखरेखीखालचंच.

प्रत्येक दुखापतीला इतकं लागत नाही. कॅनडातल्या ओटावात 300 जखमी मुलांमध्ये तासाभरानंतर साधं आयबुप्रोफेन पॅरासिटामॉल आणि कोडीन या दोन्हींपेक्षा सरस ठरलं.

कुणाला कोणतं औषध हवं हे ठरवायला आधी वेदना मोजावी लागते. पण बोलता न येणाऱ्या बाळाची वेदना कशी मोजायची? चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि जवळ घेतल्यावर शांत होणं, या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण द्यायचे. मिशिगनमध्ये तयार झालेली ही पद्धत 1997 पासून वापरात आहे.

त्याआधी दहाच वर्षं, नवजात बाळांना वेदना फारशी जाणवत नाही असं मानून त्यांच्यावर जेमतेम भूल देऊन शस्त्रक्रिया होत. इंदूरला शिकलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांना शस्त्रक्रियेवेळी हेच फेंटानिल दिलं. त्यांच्या शरीरावरचा ताण आणि नंतरची गुंतागुंत, दोन्ही कमी झाली. हा 1987 चा निष्कर्ष वैद्यकशास्त्राला इतका उशिरा मिळाला, याची खंत वाटते.

भारतात 2014 च्या कायदादुरुस्तीने रुग्णालयांना मॉर्फीन, फेंटानिल ठेवणं सोपं केलं. ही औषधं आणि ती देणारी शिकलेली माणसं जिल्हा रुग्णालयांपर्यंत पोहोचायला हवीत. तोवर निदान प्रत्येक जखमी मुलाच्या केसपेपरवर नाडी आणि तापाशेजारी वेदनेचा आकडा लिहिला जावा, आणि औषध दिल्यावर तो पुन्हा मोजला जावा.