रात्री दोन वाजता निरोप कोण देणार?
लेखमाला : आपली सुरक्षितता, आपली यंत्रणा – भाग सहावा

तुळजापूरच्या आपसिंगा रस्त्यावर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे. १९८०च्या दशकात ग्रामीण विकासाच्या कामासाठी उभ्या राहिलेल्या या केंद्रात आज देशाच्या निरनिराळ्या राज्यांतली मुलंमुली शिकतात. गावात १९८३पासून श्री तुळजाभवानी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि जवळच धाराशिवला विद्यापीठाचा उपपरिसर. घरापासून दूर वसतिगृहात राहणारी इतकी पोरं ज्या भागात आहेत, तिथे संकट आलं तर सगळ्यांना कळवायचं कसं, याचा विचार आजच्या भागात करू.

सुरक्षा म्हटलं की आपल्याकडे आधी कॅमेरा आठवतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५मध्ये विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत कुंपण, प्रवेशद्वारावर पहारा, सीसीटीव्ही, बायोमेट्रिक हजेरी असं बरंच काही आहे. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर ऑगस्ट २०२४मध्ये राज्य सरकारने शाळांना महिनाभरात कॅमेरे बसवायला सांगितलं आणि आठवड्यातून किमान तीनदा चित्रण तपासण्याची अट घातली. ही अट मला फार महत्त्वाची वाटते, कारण कोणी पाहतच नसेल तर कॅमेरा गुन्हा झाल्यावर तपासापुरताच उरतो. तो त्या क्षणी कुणाला सावध करत नाही.

सावध करण्यात उशीर झाला की काय होतं, हे १६ एप्रिल २००७ रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात दिसलं. सकाळी सव्वासातच्या सुमारास एका वसतिगृहात दोघांवर गोळ्या झाडल्या गेल्या. प्रकरण आपसांतल्या भांडणाचं असावं आणि हल्लेखोर परिसराबाहेर गेला असावा, असा समज झाला. विद्यार्थ्यांना पहिला ईमेल गेला तो ९ वाजून २६ मिनिटांनी. त्यानंतर पाव तासाच्या आतच तोच हल्लेखोर दुसऱ्या इमारतीत शिरला आणि तिथे आणखी ३० जण मारले गेले. ईमेल पाठवायची सोय सकाळपासून होतीच. पाठवायचा निर्णय व्हायला दोन तास लागले. संकटाची खात्री पटताच विद्यापीठांनी विलंब न लावता सर्वांना कळवलं पाहिजे, असं बंधन २००८मध्ये तिथल्या कायद्यात आलं.

आपल्याकडे बंदुकीपेक्षा आग, पूर, वीज, भूकंप आणि वन्यप्राणी हे धोके जास्त खरे आहेत. २०२४च्या डिसेंबरात येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात वाघ दिसला. तो थेट विदर्भातल्या टिपेश्वरहून चालत आला होता. असा वाघ किंवा बिबट्या परिसराच्या मागच्या बाजूला दिसला, असं समजू. कार्यालयातून निरोप निघतो : 'सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, परिसरात वावरताना योग्य ती खबरदारी घ्यावी.' हा निरोप वाचून कुणी काय करायचं? त्याऐवजी असं लिहावं : 'मागच्या फाटकाजवळ ७.४० वाजता बिबट्या दिसला. आहात त्या इमारतीतच थांबा, मेसकडे जाऊ नका. वन विभागाला कळवलं आहे. पुढचा निरोप ८.१५ला.' कुठे, केव्हा, काय करायचं आणि पुढची खबर कधी, एवढं त्यात आलं की पुरे. हाच मजकूर हिंदी आणि इंग्रजीतही हवा. फाटकावरचा पहारेकरी मराठीत ओरडून सांगेल, पण आसामहून परवाच आलेल्या मुलीला ते कळायला हवं ना!

निरोप कोणत्या वाटेने जातो, यावरही बरंच अवलंबून आहे. एसएमएस प्रत्येक क्रमांकाला वेगवेगळा जातो, व्हॉट्सअॅपला इंटरनेट लागतं. नवरात्रात आणि अश्विनी पौर्णिमेला लाखो भाविक तुळजापुरात येतात. एवढे फोन एकाच वेळी मोजक्या टॉवरवर आले की दोन्ही वाटा तुंबतात. २०२३मध्ये देशभरातले फोन चाचणीसाठी अचानक मोठ्याने वाजले होते, ते तंत्र वेगळं आहे. त्याला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. टॉवर आपल्या टापूतल्या सगळ्या फोनना एकदमच संदेश देतो, त्यासाठी कुणाचा नंबर ठाऊक असावा लागत नाही आणि गर्दीचाही अडथळा होत नाही. मात्र ही यंत्रणा सरकारच्या हातात आहे, महाविद्यालयाच्या नाही. संस्थांना जवळची आहे ती महाराष्ट्रात अनेक गावांनी स्वीकारलेली ग्रामसुरक्षा यंत्रणा. नोंदणी केलेल्या माणसाने टोल-फ्री क्रमांकावर फोन करून बोलायचं आणि त्याचाच आवाज सगळ्या नोंदणीकृत फोनवर कॉल होऊन ऐकू जातो. वसतिगृहासाठी ही कल्पना मला फार उपयोगाची वाटते.

पण ३० सप्टेंबर १९९३ची पहाट या भागाला कशी विसरता येईल? तीन वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं झोपेत असताना भूकंपात कोसळली. तसा हादरा आज बसला तर वीज आणि टॉवर दोन्ही बंद पडू शकतात. म्हणून बॅटरीवर चालणारा भोंगा, हातातला ध्वनिक्षेपक आणि सगळ्यांनी कुठे जमायचं ते मोकळं मैदान आधीच ठरलेलं हवं. वर्षातून दोनदा तरी सराव हवा, आणि तोही रात्री.

अडचणीतल्या मुलाने मदत मागायची तर ११२ आहे. हा फोन राज्याच्या नियंत्रण कक्षात, म्हणजे नवी मुंबई किंवा नागपूरला लागतो आणि तिथून स्थानिक पोलिसांना निरोप जातो. 'मागच्या फाटकापाशी या' म्हटलं तर तिथल्या माणसाला काय उमगणार? तालुका, रस्ता, संस्थेचं नाव, इमारत, या क्रमाने सांगावं. हा पत्ता प्रत्येक खोलीच्या दारामागे चिकटवायला कितीसा खर्च येतो?

निरोप देताना संस्था कचरतात. घबराट पसरेल, नाव खराब होईल, ही भीती असते. खरं तर अधिकृत माणूस गप्प बसला की अफवा बोलू लागते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच निरपराध भटक्यांना ठार मारलं. त्याआधी फोनवर अशा टोळ्यांच्या अफवा फिरत होत्या. म्हणून पहिला निरोप द्यायचा अधिकार संचालकांपुरता ठेवू नये. रात्रपाळीच्या रखवालदाराला आणि रेक्टरला तो लेखी द्यावा. खबर चुकीची ठरली तरी त्यांना बोल लावू नये.

प्रवेशाच्या दिवसांत पालक मेस, फी आणि नोकरीच्या संधी याबद्दल विचारतात. यंदा रेक्टरना आणखी एक विचारा : रात्री दोन वाजता काही झालं तर माझ्या मुलीला कोण कळवणार, आणि मागचा सराव कधी झाला? नाव आणि तारीख सांगता आली नाही, तर उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.