येर्बा माते व त्याच्या मुळांची कुज

'माते' हा शब्द कानीं पडतांच मराठी मुलास आईला मारलेली हांक आठवेल. परंतु आम्ही ज्या झाडाविषयीं येथें लिहीत आहों त्याच्या नांवाशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. दक्षिण अमेरिकेंतील केचुआ भाषेंत पिण्याच्या भोपळ्यास जो शब्द आहे त्यावरून हें नांव पडलें. 'येर्बा' म्हणजे स्पॅनिश भाषेंत वनस्पति. अर्जेंटिनाचा ईशान्य भाग, पाराग्वे व ब्राझीलचा दक्षिण भाग येथील लोक ह्या झाडाचीं वाळविलेलीं पानें भोपळ्याच्या पात्रांत घालून, वर कढत पाणी ओतून, तो अर्क धातूच्या नळीनें ओढून पितात. आपण पाहुण्यापुढें चहा ठेवतों, तसा तिकडे हा भोपळा हातोहात फिरतो.

मूळचें हें रानांतील झाड. ग्वारानी लोक त्याचीं पानें रानांतूनच आणीत. सतराव्या शतकांत जेसुइट पाद्र्यांनीं त्या लोकांकरितां ज्या वसाहती वसविल्या त्यांत त्याच्या बागा झाल्या. अर्जेंटिनांतील ज्या प्रांतांत आज हें पीक सर्वांत अधिक होतें त्याचें 'मिसिओनेस' हें नांवही त्या वसाहतींवरूनच पडलें आहे. 1767 सालीं स्पेनच्या राजानें त्या पाद्र्यांस हद्दपार केलें, बागा ओस पडल्या, आणि बिया रुजविण्याची हातोटीही लोक विसरले. फळ पिकलें तरी बियांतील गर्भांकुर अपक्वच असतो, म्हणून त्या कित्येक महिने ओल्या वाळूंत ठेवाव्या लागतात. ही युक्ति साधून पुन्हा नीट लागवड सुरू व्हावयास एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडली.

रानांत हीं झाडें इतर झाडांच्या सावलींत विखुरलेलीं वाढतात. बागेंत मात्र एकाच जातीचीं हजारों झाडें ओळीनें उभीं असतात आणि त्यांचीं मुळें जमिनीखालीं एकमेकांस भिडतात. एवढा फरक रोगास पुरतो.

ब्राझीलच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्यांतील ताक्वारी खोऱ्यांत रोगट झाडांचीं मुळें तपासलीं असतां त्यांत फ्युझेरियम नांवाची बुरशी सांपडली. ही बुरशी मुळाच्या कोंवळ्या टोंकांतून अथवा एखाद्या जखमेंतून आंत शिरते. मुळाची साल काळी पडून सुटूं लागते आणि पाणी वर चढेनासें होतें. पण शेतकऱ्याची नजर असते ती पानांवर. पानें पिवळीं पडून गळूं लागलीं म्हणजे तो म्हणतो, खत कमी पडलें किंवा ऊन फार झालें. तोंपर्यंत मुळें कुजून गेलेलीं असतात, आणि त्या झाडास वांचवील असें औषध मग उरत नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं जे पालक शेती करतात त्यांस हें नवें वाटूं नये. तुरीवरील 'मर' हा ह्याच कुळांतील बुरशीचा प्रताप आहे, व तिला फ्युझेरियम उडम हें नांव बटलर ह्या शास्त्रज्ञानें 1910 सालीं हिंदुस्थानांत काम करीत असतांनाच दिलें. फुलोऱ्यास आलेलें झाड हिरव्यागार शेजाऱ्यांमध्यें एकाएकीं मान टाकतें. असा एक बुंधा आम्ही वर्गांत उभा चिरून दाखविला, तेव्हां आंतील काळ्या रेषा पाहून एक मुलगा म्हणाला, "सर, बाहेरून तर कांहींच दिसत नव्हतें!"

ह्या रोगाचा प्रवास बहुतेक मातीवाटें होतो. बुरशीचे जाड कवचाचे बीजाणु मातींत वर्षानुवर्षें निजून राहतात. कुदळीस, नांगराच्या फाळास किंवा ट्रॅक्टरच्या चाकांस चिकटलेली माती, उतारावरून वाहणारें पावसाचें पाणी, शेजारच्या झाडाचें मूळ, ह्यांपैकीं कोणतेंही वाहन त्यांस चालतें. म्हणून मेलेलीं झाडें बागेंत ठिगळासारखीं एके ठिकाणीं दिसतात, व तें ठिगळ रुंदावत जातें. जेथें पाणी सांचतें, अथवा यंत्रांच्या वजनानें जमीन घट्ट झालेली असते, तेथें मुळांस हवा मिळत नाहीं. गुदमरलेलें मूळ बुरशीपुढें लवकर हात टेकतें.

दूरच्या गांवीं रोग पोंचविण्याचें काम मात्र मनुष्यच करितो. रोपवाटिकेची माती, किंवा बिया ठेवण्याची ती ओली वाळूच दूषित असली, तर रोपांबरोबर बुरशीही गाडींत बसून निघते.

सर्वांत वाईट वाटतें तें पुढील गोष्टीचें. झाड मेलें कीं शेतकरी तें बुंध्याशीं तोडतो व त्याच खड्ड्यांत नवें रोप लावतो. आम्ही त्यास अडाणी म्हणणार नाहीं. रोप लावल्यापासून पहिली तोडणी हातीं यावयास चारपांच वर्षें लागतात. जागा रिकामी ठेवणें त्यास कसें परवडावें? परंतु खालीं जुन्या मुळांवर बुरशी टपलेलीच असते. रोप कांहीं काळ टिकतें, मग तींच पिवळीं पानें. निरोगी झाड कित्येक दशकें पानें देतें. तेव्हां अशा एका खड्ड्यांत घरच्या मुलांच्याही वांट्याचें उत्पन्न गाडलें जातें.

जाणते शेतकरी मेलेल्या झाडाचीं मुळें आधीं उकरून काढतात, चर खणून सांचलेलें पाणी काढून देतात, आणि रोगट भागांत वापरलेलीं अवजारें धुतल्याखेरीज दुसरीकडे नेत नाहींत. मातींत मिसळण्याची ट्रायकोडर्मा नांवाची दुसरी एक बुरशी फ्युझेरियमशीं झगडते. आपल्याकडील शेतकरीही ती तुरीच्या बियाण्यास चोळतात. रोप विकत घेतांना त्याची पिशवी फाडून मूळ पाहावें. तें पांढरें, सरळ व फांटे फुटलेलें असेल तर घ्यावें. काळें पडलेलें किंवा तळाशीं वेटोळें घातलेलें असेल तर परत करावें, वरचीं पानें कितीही टवटवीत असोत.